अटलांटिक ओलांडताना घड्याळाचं काय करायचं?

आई-दादांना घेऊन साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जहाजाने जायचं ठरलं, तेव्हा नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारले. समुद्र लागेल का? आणि शाकाहारी जेवण मिळेल का? घड्याळाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. जहाजावर मात्र रोज रात्री झोपण्याआधी आमच्याकडे चर्चा घड्याळाचीच असायची. आज तास मागे करायचा की नाही? गोळी कधी घ्यायची? पुण्याला फोन आत्ता लावला तर तिकडे जेवणाची वेळ झाली असेल का?

पहिल्यांदाच महासागर ओलांडणाऱ्या क्रूझवर जाणार असाल, तर ही गोष्ट आधी समजून घ्या. फार अवघड नाही, पण कुणी नीट सांगितलेली नसते.

जहाजाची वेळ म्हणजे काय

पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. तुम्ही पश्चिमेला 15 अंश सरकलात की तिथला सूर्य एक तास उशिरा उगवतो. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर रेखांशांत साधारण 72 अंशांचं आहे, म्हणून दोन्हीकडच्या घड्याळांत पाच तासांचा फरक.

‘क्वीन मेरी 2’ हे जहाज 2004 पासून या मार्गावर धावतं आणि सध्याचा नेहमीचा प्रवास सात रात्रींचा असतो. सात दिवसांत 72 अंश, म्हणजे रोज दहा अंशांच्या आसपास. त्यामुळे सूर्य रोज सुमारे 40 मिनिटांनी मागे पडत जातो. पण रोज 40 मिनिटांनी काटे फिरवत बसणं कुणालाच सोयीचं नाही. म्हणून सातपैकी पाच रात्री पूर्ण एकेक तास मागे घेतात आणि दोन रात्री घड्याळाला हात लावत नाहीत.

कोणत्या रात्री बदलायचं, हे कप्तान ठरवतो. खोल समुद्रात कोणत्याही देशाची वेळ लागू नसते. 1917 साली इंग्रज आणि फ्रेंच तज्ज्ञांच्या परिषदेत समुद्रासाठी 15-15 अंशांचे पट्टे सुचवले गेले आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या देशांच्या नौदलांनी व व्यापारी जहाजांनी ते स्वीकारले. प्रवासी जहाजावर मात्र जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि पुढचं बंदर हे सगळं बघून घड्याळ हलवतात. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, दिशा-स्थानाचं काम जगभर एकच असलेल्या वैश्विक वेळेत चालू राहतं, ती हलत नाही. तुमच्या-आमच्यासाठी जी वेळ जाहीर होते, ती ‘जहाजाची वेळ’. जेवण, नाटक, डॉक्टरची खोली, बंदरावरून परत यायची शेवटची वेळ, सगळं याच वेळेवर.

पट्टे येण्याआधी जहाजं रोजच्या मध्यान्हीच्या सूर्यावर घड्याळ लावत आणि रोज काही मिनिटांनी काटे हलवत. ‘टायटॅनिक’ बुडालं त्या रात्री, 14 एप्रिल 1912 ला, घड्याळं 47 मिनिटं मागे घ्यायची होती, असं तिसऱ्या अधिकाऱ्याने नंतरच्या चौकशीत सांगितलं. त्या रात्रीच्या घटनांच्या वेळा जुळवताना अभ्यासक अजून वाद घालतात, त्याचं एक कारण हेच.

आपल्याला हे वाटतं तितकं परकं नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटं मागे, आणि 1906 मध्ये प्रमाणवेळ आल्यानंतरही शहर 1955 पर्यंत तिला धरून राहिलं. एकाच गावात रेल्वेची वेळ वेगळी आणि शहराची वेगळी, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी रोज सांभाळलेलं आहे.

पायरी पहिली: निघण्याआधी घरी बसून मोजा

कागद घ्या. सुटण्याच्या बंदराचा भारताशी फरक लिहा आणि पोहोचण्याच्या बंदराचाही. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा.

इथे एक खाच आहे. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. ब्रिटनमध्ये ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचऐवजी चारच तासांचा फरक उरतो. तुमचा प्रवास मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरअखेरीस असेल, तर दोन्हीकडच्या तारखा तपासूनच आकडा धरा.

हिवाळ्यात निघणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती: भारतीय वेळेवर लावलेलं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ वाचता येते. साडेपाच तासांच्या फरकाची ही करामत आहे. उन्हाळ्यात ती चालत नाही.

पायरी दुसरी: औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा

हे मी सगळ्यांत वर लिहायला हवं होतं. रक्तदाब, थायरॉइड, मधुमेह, फिट्स यांची औषधं चालू असतील, तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा आणि नेमकं सांगा: ‘‘पश्चिमेकडे जाताना पाच दिवस 25 तासांचे असतील, परतीला पाच दिवस 23 तासांचे असतील. कोणती गोळी जहाजाच्या वेळेने घ्यायची आणि कोणत्या दोन डोसांमध्ये ठरावीक तास जायलाच हवेत?’’ ‘परदेशी जातोय’ एवढंच सांगितलंत तर डॉक्टर विमानप्रवास गृहीत धरतील आणि सल्ला वेगळा मिळेल. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उत्तर कागदावर लिहून घ्यावं.

आईच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांपुरता निर्णय सोपा केला: रोज नवीन वेळेप्रमाणेच घ्या, एका तासाने बिघडत नाही. तो तिच्या गोळ्यांचा निर्णय होता, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

पायरी तिसरी: फोनला स्वतः वेळ ठरवू देऊ नका

नवख्या माणसाची सगळ्यांत जास्त फसगत फोन करतो. किनाऱ्याजवळ असताना तो जमिनीवरच्या टॉवरची वेळ पकडतो. समुद्रात जहाजाचं मोबाइल नेटवर्क किंवा वायफाय त्याला तिसरीच वेळ सांगू शकतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा न्याहारीला एकटेच खाली गेले. फोनवर साडेसात वाजले होते, उपाहारगृहाचं दार बंद आणि आत कर्मचारी अजून टेबलांवर चादरी घालत होते. जहाजाच्या जिन्यातल्या घड्याळात साडेसहा. तेव्हापासून त्यांनी फोन खिशातच ठेवला आणि मनगटावरच्या चावीच्या एचएमटीवर भरवसा ठेवला. रोज रात्री चावी देताना जहाजाची वेळ लावून टाकायचे.

फोन वापरायचाच असेल तर असं करा. जहाजावर चढल्यावर एअरप्लेन मोड लावा. त्याने महागड्या रोमिंगचा खर्चही टळतो. मग सेटिंगमध्ये तारीख-वेळेच्या पानावर जाऊन आपोआप वेळ लावण्याचा पर्याय बंद करा. आणि मग आकडे हाताने बदलू नका. आकडे हलवले की व्हॉट्सअॅप तक्रार करतं आणि बँकेची अॅप अडू शकतात. त्याऐवजी टाइम झोन बदला. भर समुद्रात शहर कुठलं, म्हणाल, तर त्या क्षणी जहाजाएवढीच वेळ असलेलं दुसरं एखादं ठिकाण निवडायचं. उन्हाळ्यात साउदॅम्प्टनहून पश्चिमेला जाताना हा क्रम चालतो: निघताना लंडन, पहिल्या बदलानंतर आइसलँडचं रेक्याविक, दुसऱ्यानंतर केप व्हर्ड, तिसऱ्यानंतर साउथ जॉर्जिया, चौथ्यानंतर बुएनोस आयरेस आणि पाचव्यानंतर न्यूयॉर्क. मधल्या चारही ठिकाणी उन्हाळी वेळ पाळत नाहीत, त्यामुळे गोंधळ होत नाही. स्मार्ट घड्याळ फोनला जोडलेलं असेल तर तेही बरोबर येतं.

एवढं करायचं नसेल तर काट्यांचं साधं घड्याळ न्या, दोनशे रुपयांचं असलं तरी चालेल.

पायरी चौथी: संध्याकाळचा कागद वाचा

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येतो, किंवा जहाजाच्या अॅपवर दिसतो. प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव असतं, पण पहिल्याच पानावर घड्याळाची सूचना असते. बऱ्याच जहाजांवर स्ट्युअर्ड रात्री पलंग आवरताना उशीवर एक छोटं कार्डही ठेवतो: आज रात्री घड्याळ एक तास मागे. कार्ड दिसलं की तेव्हाच काटा फिरवून झोपा. अधिकृत बदल पहाटे दोन वाजता होतो, पण त्यासाठी जागं राहायची काही गरज नाही.

कार्ड नसेल तर बदल नाही असं गृहीत धरू नका. केबिनमधल्या फोनच्या पडद्यावर किंवा टीव्हीवर जहाजाची वेळ दिसते, ती सकाळी उठल्यावर बघा. गजर हवा असेल तर टेलिफोनवरून वेक-अप कॉल लावा, तो नेहमी जहाजाच्या वेळेने येतो.

जिन्यांतली आणि सभागृहांतली घड्याळं एका मुख्य घड्याळाला जोडलेली असतात. जुन्या जहाजांवर अशा घड्याळांचे काटे फक्त पुढेच ढकलता यायचे. तास मागे घ्यायचा असेल तर ती घड्याळं एक तास थांबवून ठेवत.

जाताना मिळतं, येताना द्यावं लागतं

पश्चिमेकडचा प्रवास सुखाचा असतो. माणसाच्या आतल्या घड्याळाचा फेरा सरासरी 24 तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे दिवस लांबला तर शरीर फारशी कुरकुर करत नाही. पाच रात्री एकेक तास जास्त झोप. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल आणि एकच बाजू जहाजाने करणं परवडणारं असेल, तर जाताना जहाज आणि येताना विमान घ्या, असं मी सांगेन. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आई उतरली ती अगदी ताजीतवानी. त्याआधीच्या वर्षी विमानाने आली होती तेव्हा चार दिवस रात्री दोनला उठून बसायची.

पूर्वेकडे येताना तेच पाच तास परत द्यावे लागतात. रात्री दोनला काटा तीनवर नेला की सगळ्यांचीच झोप कापली जाते. म्हणून या मार्गावर अनेकदा बदल दुपारी करतात. बाराला ब्रिजवरून घोषणा होते, जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कसा, आणि त्याच क्षणी बाराचा एक वाजतो. पहिल्यांदा अनुभवताना चमत्कारिक वाटतं. अकराचं व्याख्यान संपवून बाहेर आलात की थेट जेवणाची वेळ. त्या दिवसांत न्याहारी हलकी ठेवा, नाहीतर दुपारचं जेवण जात नाही. आणि बारा ते एकच्या मध्ये काही ठरवू नका, तो तास अस्तित्वातच नसतो. सगळ्या कंपन्या दुपारीच बदलतात असं नाही, काही अजूनही रात्रीच बदलतात. कागद वाचा, हेच उत्तर.

पूर्वेकडच्या प्रवासात सकाळचा उजेड अंगावर घ्या. उठल्या उठल्या डेकवर दोन-तीन फेऱ्या मारा, थंडी असली तरी. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका आणि चहा-कॉफी चारनंतर बंद. जाताना उलट: संध्याकाळी उशिरापर्यंत उजेडात बसलं तर उपयोग होतो.

कर्मचाऱ्यांचाही विचार मनात असू द्या. क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली मुलं पूर्वीपासून आहेत. आमच्या केबिनचा स्ट्युअर्ड मडगावकडचा होता. त्याच्याकडून कळलं की पूर्वेकडच्या फेरीत दुपारचा तास गेला तरी काम तेवढंच उरतं, फक्त ते कमी वेळात उरकायचं असतं. मालवाहू जहाजांवर तर मिळालेला किंवा गेलेला तास तीन पाळ्यांत वीस-वीस मिनिटांनी वाटून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे एकाच पाळीवर भार येत नाही. अशा दिवशी केबिन उशिरा आवरली गेली तर कुरकुर करू नका.

घरी फोन कधी करायचा

उन्हाळ्यात पश्चिमेला जाताना सकाळी नऊला फोन लावायचा ठरवलंत, तर पहिल्या दिवशी भारतात दुपारचे दीड वाजलेले असतात. मग प्रत्येक बदलानंतर अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच आणि शेवटी साडेसहा. म्हणजे सकाळची वेळ प्रवासभर चालते. रात्रीची चालत नाही. जहाजावर जेवण आटोपून साडेआठला लावलात तर पहिल्या दिवशीच भारतात मध्यरात्रीचा एक वाजलेला असतो. आईने यावर स्वतःचा उपाय काढला: तिचं घड्याळ तिने प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवलं. एका मनगटावर पुणं, दुसऱ्यावर जहाज. गर्दीत विचारायची, ‘‘तुझं काय म्हणतंय?’’ आणि दादा जहाजाची वेळ सांगायचे.

उपास, चंद्रोदय, सूर्यास्त

आमच्या प्रवासात संकष्टी आली. आईने कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ पाहून ठेवली होती, पण ती आपल्याकडची वेळ, अटलांटिकच्या मध्यावर तिचा काही उपयोग नाही. अक्षांश वेगळा, रेखांश वेगळा आणि त्यात घड्याळ कुठल्या रात्री हललं त्यावर सगळं अवलंबून. समुद्रावर उपाय एकच, चंद्र प्रत्यक्ष बघायचा. जहाज पश्चिमेला चाललेलं असतं तेव्हा पूर्व ही मागची बाजू. म्हणून मागच्या डेकवर जा. मध्ये इमारत नाही, डोंगर नाही, क्षितिजाच्या रेषेतून चंद्र तांबूस वर येताना दिसतो. जहाजाच्या घड्याळात अकरा वाजायला आले होते. उपाहारगृह बंद झालेलं असणार हे धरून आम्ही केबिनमध्ये भात झाकून ठेवला होता. तुम्हीही तसंच करा. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला उन्हाळ्यात दाट धुकं असतं, तिथे चंद्र दिसला नाही तर रिसेप्शनवर विचारा, ब्रिजवरून चंद्रोदयाची वेळ मिळू शकते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बहुधा रोजच्या कागदावर छापलेल्याच असतात, संध्या करणाऱ्यांना आणि रोजा ठेवणाऱ्यांना त्याच उपयोगी.

बंदरं लागणाऱ्या क्रूझवर

कॅरिबियनसारख्या छोट्या क्रूझवर वेगळा घोळ होतो. जहाज मायामीची वेळ धरून ठेवतं आणि बंदराची वेळ वेगळी असते. मेक्सिकोचं कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतं, त्यामुळे हिवाळ्यात ते मायामीच्या बरोबरीने असतं आणि उन्हाळ्यात एक तास मागे. जहाज मायामीच्या वेळेवर असेल आणि फोनने कोझुमेलची वेळ पकडली असेल, तर तुम्हाला वाटतं अजून तासभर आहे, आणि शिडी उचलली जाते. जहाजातून उतरताना दारावरच्या पाटीचा फोटो घ्या: परतीची वेळ, आणि ती जहाजाची की बंदराची. हे एक काम विसरू नका.

पॅसिफिक असेल तर तारीखही हलते

प्रशांत महासागर ओलांडताना 180 अंशांच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पूर्वेकडे जाताना एकच तारीख दोनदा येते, पश्चिमेकडे जाताना एक तारीख गळून जाते. जपानहून व्हँकुव्हरला उन्हाळ्यात निघालात तर आठ वेळा घड्याळ तासाने पुढे जातं आणि एक दिवस पुन्हा जगायला मिळतो. आठ तास गमावणं अंगावर येतं, म्हणून अशा प्रवासात पोहोचल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा.

मॅगेलनच्या मोहिमेतली माणसं 1522 मध्ये पृथ्वीला फेरी मारून केप व्हर्डला पोहोचली, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. मोहिमेची हकिकत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने रोज नोंद केली होती, एकही दिवस चुकवला नव्हता, म्हणून तो चक्रावला. पश्चिमेकडे जात राहिल्याने पूर्ण एक दिवस थोडाथोडा करून निसटला होता.

आपल्यासाठी यातला धडा गोळ्यांच्या डबीचा आहे. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीत गोळ्या भरल्या असतील, तर दोनदा येणाऱ्या मंगळवारी एक दिवसाची गोळी कमी पडते. गोळ्या तारखांवरून मोजू नका, रात्रींवरून मोजा, आणि चार दिवसांच्या जास्त घ्या. हॉटेल, विमान आणि व्हिसा यांचं मात्र उलट आहे. तिथे तारखाच बघायच्या.

शेवटची सकाळ

न्यूयॉर्कला जहाज पहाटे शिरतं. व्हेराझानो पुलाखालून जाताना धुराडं आणि पूल यांच्यात जेमतेम काही मीटर अंतर उरतं, ते बघायला अंधारातच लोक वरच्या डेकवर जमतात. शेवटचा बदल बहुधा आधीच्या रात्रीपर्यंत झालेला असतो, त्यामुळे गजर जहाजाच्या वेळेने लावा, तीच आता न्यूयॉर्कची वेळ आहे. पूल ओलांडला की फोनचा एअरप्लेन मोड काढा आणि आपोआप वेळ लावण्याचा पर्याय पुन्हा चालू करा. हे विसरलात तर पुढे विमानतळावर घोटाळा होऊ शकतो.

आम्ही वर गेलो तेव्हा पाच वाजले होते. दादांचं एचएमटी आणि फोन सात दिवसांत पहिल्यांदा एकच वेळ दाखवत होते. आईने आपलं घड्याळ बघितलं, पुण्यात दुपारचे अडीच. ‘‘आत्या जेवून आडवी झाली असेल,’’ म्हणाली, आणि तरी फोन लावला.